शेकाट्याचा वाकडा पाय

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग सोडा, रागानं तुमच्या डोळ्यातलं पाणी हटत नाही. मी म्हटलं, बाई, डोळा गेला तर एकच जाईल, राग गेला तर मी सबंध जाईन. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर लिहून दिलं: वेळेवर झोप, रोज चालणं, चिडचिड बंद. शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि घरात कोणी आलं की त्याच्याकडे बोट दाखवते.

तर चिडचिड बंद म्हणून मी लिहायला बसलो आहे. डोळ्यात थेंब घालून, डोळे मिटून, दवाखान्याच्या बाकड्यावर तासतासभर बसणाऱ्या माणसांसाठी हे आहे. आजारानं मला शांत केलं, सगळ्यांना माफ करायला शिकवलं, असलं काही वाचायचं असेल तर इथंच थांबा. मी माफ केलेलं नाही. मलाही कोणी केलेलं नाही, ते पुढे येईलच.

दुर्बीण आणि प्रल्हाद

मी मोजणीदार आहे. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायच्या, ही नोकरी. देऊळगाव राजात घर. सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढतो, पण पक्षीवाल्यांकडे असते तशी हातभर लांब लेन्स माझ्याकडे नाही. माझ्याकडे एका डोळ्यानं पाहायची दुर्बीण आहे, ट्रायपॉडवर बसवायची. तिच्या मागच्या टोकाला एक कडं बसवलं की त्यात साधा डिजिटल कॅमेरा अडकतो. आधी डोळ्यानं पक्षी शोधायचा, चाक फिरवून साफ करायचा, मग कॅमेरा लावायचा. दोन सेकंदांचा टायमर ठेवून हात काढून घ्यायचा, कारण इथं बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी तिकडे चित्र हलतं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, म्हणून सगळं काम साडेनऊच्या आत. चारशे पावलांवरच्या पक्ष्याच्या डोळ्याचा रंग दिसतो आणि त्याला आपला पत्ताही नसतो. हा चोरटेपणा मला फार आवडतो.

प्रल्हाद दुसरबीडच्या बाजूचा शेतकरी. त्याचं वावर खडकपूर्णा धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून आहे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मोजणीला गेलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी दुर्बीण काढली, त्यानं डोळा लावला, आणि पाण्यातले चक्रवाक बघून अर्धा तास डोळा काढलाच नाही. दुसऱ्या खेपेला गेलो तर त्यानं काठावर तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आडोसा उभा केला होता. आत बसायला बाज, दुर्बिणीपुरतं भोक. मी मागितला नव्हता.

तो पाटलाच्या घरचा, मी बौद्ध. माझ्या आजोबांना ज्या ओट्याच्या खाली उभं राहावं लागलं असतं, त्या घराच्या चुलीपुढे बसून मी सहा वर्षं जेवलो. त्याची माय ताटात भाकर टाकताना मला विचारत नसे, टाकतच असे. मी तिला मावशी म्हणायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय बोललो त्याचं वजन कळेल.

तपकिरी पुडी

दुर्बीण, ट्रायपॉड, पाण्याची बाटली असं ओझं खांद्यावर घेऊन ढेकळांतून चालता चालता माझी कंबर गेली. उठताना भिंत धरावी लागायची. आमच्याकडच्या एका आठवडी बाजारात कडुनिंबाखाली एक जडीबुटीवाला बसतो. बसायचा. समोर मुळ्या, साली, काचेच्या बरण्या, आणि मागे टेम्पो. त्यानं कागदाच्या तपकिरी पुड्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यासोबत. शुद्ध वनस्पती, काही अपाय नाही.

तिसऱ्या दिवशी कंबर बंद. बंद म्हणजे कधी दुखलीच नव्हती अशी. भूक वाढली, गाल भरले, कचेरीत लोक म्हणाले, साहेब, तब्येत सुधारली. मी ज्याला त्याला त्या माणसाचं नाव सांगत सुटलो. मावशीचे गुडघे धरले होते, तिला तर मी स्वतः महिनाभराच्या पुड्या नेऊन दिल्या आणि कशा घ्यायच्या तेही समजावलं. पंधरा दिवसांत मावशी मारुतीच्या देवळापर्यंत काठीशिवाय गेली. प्रल्हादनं माझे हात धरले. पुढे तो स्वतःच बाजारातून तिच्या पुड्या आणायला लागला.

डाग

दिवाळीत प्रल्हादकडे पाहुणे आले. त्यांना चक्रवाक दाखवायचे म्हणून त्यानं दुर्बीण चार दिवस ठेवून घेतली. परत मिळाल्यावर त्या रविवारी मी आडोशात बसलो, उथळ पाण्यात शेकाट्या पक्षी उभा होता. शेकाट्याचे पाय म्हणजे दोन गुलाबी काड्या, सरळसोट. मी उजवा डोळा लावला. काड्या मधोमध वाकलेल्या. आणि बरोबर मध्यभागी, फिक्या चहाच्या रंगाचा एक गोल डाग.

मी दुर्बीण उतरवली. काच फुंकली, मऊ कापडानं पुसली, परत लावली. डाग तिथंच. मोजणीच्या कामात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, आकडा चुकला तर आधी यंत्र तपास. जन्मभर मी तेच करत आलो. यंत्रात खोट दिसली, यंत्र कोणाकडे होतं तेही माहीत होतं. मला आणखी काही विचार करायची गरज वाटली नाही.

प्रल्हाद वावरात पाणी देत होता. मी त्याला हाक मारली आणि विचारलं, पाडली का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, पाहुण्यांच्या हातून पडली असेल, आतली काच सरकली आहे. त्यानं चिखलाचे हात धुतले, लुंगीला पुसले, डोळा लावला आणि बराच वेळ पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी सकाळी काढलेले फोटो मागेपुढे केले.

"साहेब, फोटोत तं डाग नाई. काचीत असता तं फोटोत आला नसता का?"

हे वाक्य मी त्या वेळी ऐकलं असतं तर माझे अडीच महिने वाचले असते. पण ते माझ्या डोक्यावरून गेलं. मला वाटलं, हा शहाणपणा करून राहिला, पडलेली वस्तू गळ्यात घालून वर मलाच शिकवतो. मी म्हणालो ते असं, की आमच्या लोकांची वस्तू तुमच्या लोकांच्या हातात गेली की धड परत येत नाही, हे माझ्या आजोबांनाही माहीत होतं.

त्यानं कॅमेरा माझ्या हातात परत दिला. मग "बरं साहेब" म्हणाला आणि पाण्याचा बांध फोडायला परत गेला.

मी काय काय केलं

लपवत नाही. पक्षिमित्रांच्या ग्रुपवर मी लिहिलं की माझी दुर्बीण एका ओळखीच्या माणसानं पाडून आणून दिली आणि कबूल करत नाही, सगळ्यांनी सावध राहावं. नाव लिहिलं नाही, पण कोणाच्या वावरात मी बसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी दुःखी चेहरे पाठवले. त्याच्या धुऱ्याच्या फेरमोजणीचा अर्ज माझ्याकडे आला होता. मी तो खाली सरकवला. पुन्हा वर आला, पुन्हा सरकवला. दर वेळी बरं वाटायचं. नोकरीत एवढ्या वर्षांत असं मी कधी केलं नव्हतं, त्यामुळे त्याची गोडी नवीन होती.

दुर्बीण मी पुण्याला दुरुस्तीला पाठवली. तिकडून चिठ्ठी आली की सर्व काचा तपासल्या, दोष आढळला नाही. मी म्हटलं, हेही चोर. फोनवर त्या माणसाला इतकं बोललो की सुनंदानं दुसऱ्या खोलीचं दार लावून घेतलं. दुर्बीण आणखी एकदा तपासा म्हणून तिथंच ठेवली.

"डोळ्यात तेल घालून भांडण शोधता तुमी," ती म्हणाली. मला झोप येत नव्हती, चेहरा लाल असायचा, पुडी चालूच होती.

साबण

जानेवारीतल्या एका सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यात साबण गेला. डावा मिटला आणि उजव्यानं नळ शोधायला लागलो. समोर न्हाणीघराच्या पांढऱ्या फरश्या. त्यांच्या काळ्या रेघा मधोमध आत वाकलेल्या होत्या, आणि त्यावर फिक्या चहाचा डाग.

दुर्बीण पुण्यात होती.

मी तसाच उभा राहिलो, तोंडाला साबण, नळ वाहतोय. डावा डोळा धुऊन उघडला, रेघा सरळ. झाकला, वाकड्या. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चूक झाकून घेतो, म्हणून मला चालता-बोलता कधी कळलंच नाही. एक डोळा मिटून मी फक्त दुर्बिणीतच पाहायचो. फोटो दोन्ही डोळ्यांनी पाहायचो. वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आज खिडकीच्या गजांकडे एकेक डोळा झाकून पाहा. एवढंच. दहा सेकंद लागतात.

मला भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्याही आधी दुसरं काही वाटलं ते असं, की आता प्रल्हाद जिंकला.

जालना

जालन्याच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाकड्यावर बसवलं. सगळं जग पांढरं दिसायला लागलं. मग चौकड्यांचा एक कागद समोर धरून विचारलं, रेघा कशा दिसतात. मी पेननं काढून दाखवल्या. डॉक्टरीणबाईंनी यंत्रात डोळ्याचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली पाण्याचा एक फुगा होता, बरोबर मध्यभागी. जिथून माणूस बारीक पाहतो तीच जागा.

बाईंनी विचारलं, स्टिरॉइड घेता का? मी म्हटलं, कधीच नाही. विचारलं, ताणतणाव, संताप? सुनंदा हसली, बाईंना उत्तर मिळालं. मग त्या म्हणाल्या, गोळी नाही, पण चूर्ण, पुडी, काढा, काहीही? सुनंदानं पर्समधून पुडी काढली, कारण माझी संध्याकाळची वेळ होत आली होती. बाईंनी कागद उलगडला, बोटानं चिमूट चोळली. तपकिरीत पांढरे कण होते. मी ते वर्षभर गिळले आणि कधी पाहिले नव्हते, चारशे पावलांवरचा पक्ष्याचा डोळा पाहणारा मी.

त्या म्हणाल्या, बहुतेक यातच आहे. डोळा हळूहळू सुधारू शकेल, पूर्ण सुधारेल असं सांगत नाही. आणि बजावून म्हणाल्या की ही पुडी एकदम बंद करू नका, उद्याच फिजिशियनला दाखवा, मोजून कमी करावी लागेल.

मी घरी आलो आणि एक पुडी ठेवून सगळ्या नाल्यात फेकल्या. एकदम. दुसऱ्याचं ऐकायची सवय नव्हती.

खाट

चौथ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. उलट्या, डोळ्यांपुढे अंधार, हातपाय गार. वर्षभर बाहेरून औषध मिळालं म्हणून शरीर आपलं स्वतःचं करायचं विसरलं होतं, हे मला नंतर समजावलं. त्या वेळी फक्त एवढं आठवतं की सुनंदा फोनवर बोलत होती आणि पाऊण तासानं दारात प्रल्हादची गाडी होती. तिनं मला विचारलं नव्हतं. त्यानं मला खांद्यावर घेतलं, मागच्या सीटवर निजवलं आणि जालन्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. मी शुद्धीवर आलो तेव्हा तो निघून गेला होता.

सहा दिवस वॉर्डात होतो. पहाटे फिनेलचा वास, पाय वर घ्या म्हणणारी झाडूवाली, मग रक्तदाब, मग बोटाला टोचणं, मग चहा. सिस्टर माझ्या चहात गुपचूप दुसरा कप ओतायची, कारण मी पहिल्या दिवशी तिच्यावर ओरडलो होतो आणि नंतर लाजून गप्प बसलो होतो. शेजारच्या खाटेवर जानेफळचे एक गृहस्थ होते, मूतखड्याचे. त्यांचं सख्ख्या भावाशी वैर. सलाइन लावून आम्ही दोघं छताकडे बघत आपापल्या माणसाचं काय काय करायचं ते एकमेकांना सांगायचो. त्यांचे बेत साधे होते, विहिरीत ढकलण्यापर्यंतचे. माझे बारीक होते. त्या आजारपणातला तोच माझा सगळ्यात सुखाचा वेळ.

दुसऱ्या दिवशी पुडीवाल्याला मनातल्या मनात शिक्षा देत असताना मला मावशी आठवली.

मी उठून बसलो, सलाइनची सुई निघाली. मी तिला पुड्या दिल्या होत्या. ती अजून घेत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे माझी गत ऐकून कोणी एकदम बंद केल्या तर ती माझ्यासारखीच पडेल, आणि ती सत्तरीची. प्रल्हादला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. ज्या माणसाला मी चार लोकांत खोटं पाडलं तो माझा फोन का उचलेल? सुनंदा तशीच उठली, एसटीनं दुसरबीडला गेली, मावशीला आणि प्रल्हादला समोर बसवून सगळं सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत परत येऊन माझ्या उशाशी बसली. मावशीची साखर भलतीच वाढलेली निघाली. तिच्या पुड्याही डॉक्टरच्या सांगण्यानं, मोजून मोजून सुटल्या.

"त्यानं काय म्हटलं?" मी सुनंदाला विचारलं.

"ऐकून घेतलं. चहा करून देल्ला. तुमचं नाव नाई काढलं."

पहिला नंबर

बरं होणं म्हणजे काय, ते सांगतो. पुडीत जे होतं तेच स्टिरॉइड डॉक्टरनं गोळीत दिलं, नेमकं मोजलेलं, आणि दर पंधरा दिवसांनी थोडं कमी. प्रत्येक वेळी कमी केलं की अंग ठेचल्यासारखं दुखायचं. कंबर परत आली, दुपटीनं. हात कापायचे. डोळ्यातला फुगा महिन्यात केसभर उतरायचा. घरात मी सगळ्यांवर ओरडायचो आणि सुनंदा फ्रिजकडे बोट दाखवायची. या सगळ्यात मला उठवून बसवणारी एकच गोष्ट होती, त्या कडुनिंबाखालच्या माणसाचा चेहरा. कोणी सांगेल देवाच्या नावानं तग धरला. मी त्याच्या नावानं धरला.

औषध खात्याच्या कचेरीत तक्रार करायला गेलो तर तिथले साहेब सज्जन होते. म्हणाले, आम्ही गेलो की हे लोक पांढरा माल गायब करतात, बरण्यांत नुसत्या मुळ्या सापडतात. कुठं ठेवतो, कधी मिसळतो, हे कळलं तर काम होईल.

मला तर दुरून, पत्ता लागू न देता पाहण्याचंच वेड. पण उजव्या डोळ्यानं पाय वाकडे दिसत होते, डाव्याला दुर्बिणीची सवय नव्हती, आणि हात कापत होते. मी एकट्यानं ते जमवू शकत नव्हतो. पुण्याहून आलेला दुर्बिणीचा खोका न उघडता घेतला आणि दुसरबीडला गेलो.

प्रल्हाद अंगणात तूर निवडत बसला होता. मावशी बाजेवर, चेहरा सुजलेला, गुडघ्यांना फडकी बांधलेली. तिनं मला बस म्हटलं. मी उभाच राहिलो आणि माझा बेत सांगितला. माफीबिफी काही मागितली नाही, मला येत नाही. त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मायले पुडी कोणं आणून देल्ली?"

"मी."

"हाव." त्यानं हाताचा भुसा झटकला. "पहिले त्याचा नंबर. मंग तुहा."

सहा वर्षं तो मला तुमी म्हणत होता.

बाजारपटांगणाच्या पलीकडे त्याच्या एका नातेवाइकाचं स्लॅबचं घर होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्यांच्या मागे आम्ही दुर्बीण लावली. पहिल्या आठवड्यात काहीच मिळालं नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळी सातला, बाजार भरायच्या आधी, तो टेम्पोच्या मागच्या फळीवर खल घेऊन बसला. मी डाव्या डोळ्यानं त्याला शोधून दिलं, प्रल्हादनं चाक फिरवून साफ केलं, कॅमेरा अडकवला, टायमर लावला, हात काढला. दोघांनी श्वास धरला. पडद्यावर त्याचा अंगठा दिसला, अंगठ्याखाली गोळ्यांची चंदेरी पट्टी, खलात पडलेल्या पांढऱ्या गोळ्या. मग ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्र्याचा डबा, त्यात तसल्याच पट्ट्या. चौदा फोटो. इतके साफ फोटो माझ्याकडे शेकाट्याचेही नाहीत.

पुढच्या बाजाराला साहेब लोक आले ते कडुनिंबाकडे गेलेच नाहीत, सरळ सीटखाली हात घातला. डबा निघाला. तो माणूस रडला, पाया पडला, लेकरंबाळं म्हणाला. मला त्याची दया आली असं इथं लिहिलं तर सुनंदा हा कागद फाडून टाकेल. मला आनंद झाला. मी गर्दीतून पुढे गेलो, खिशातून माझी शिल्लक राहिलेली एक पुडी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"घे," मी म्हटलं. "कोमट पाण्यासोबत."

त्यानं ती घेतली नाही, खाली पडू दिली. आजही कधी कंबर धरली की मी ती पुडी खाली पडताना आठवतो आणि मला उभारी येते.

माझा नंबर

त्या दिवशी प्रल्हादनं गच्चीवरून दुर्बीण उतरवली, ट्रायपॉड मिटवला आणि सगळं आपल्या गाडीत ठेवलं. मी म्हटलं, माझ्या घरी सोड. तो म्हणाला, नाही, ही आता माझ्याकडे राहील, पाहिजे तेव्हा येऊन मागायची. एवढं बोलून गेला.

ग्रुपवर मी लिहून टाकलं होतं की चूक माझी होती, खोट माझ्या डोळ्यात होती. धुऱ्याचा अर्ज, मी खाटेवर असताना, माझ्या जागी आलेल्या माणसानं आठवड्यात निकाली काढला. मला वाटलं आता झालं असेल. रविवारी गेलो. तो ओट्यावर होता, मावशी दारात बाजेवर. दुर्बीण आत भिंतीला टेकवून ठेवलेली, फडक्यात गुंडाळून, माझ्याकडे कधी नव्हती इतकी स्वच्छ. मी ओट्याखाली अंगणात उभा होतो आणि ती मागितली.

"पहिले म्हण," तो म्हणाला.

"काय म्हणू?"

"दुर्बीण चांगली हाय म्हण. मायसमोर."

माफी माग म्हटला असता तर मी भांडलो असतो, आणि त्याला ते माहीत होतं. म्हणून त्यानं माझ्याकडून फक्त खरं बोलणं मागितलं, आणि तेही मला किती जड गेलं ते त्या दोघांनी पाहिलं. मी म्हटलं. त्यानं दुर्बीण आणून माझ्या हातात दिली. मावशीला उठता येत नव्हतं, तिनं बसल्या बसल्या भाकरीचं ताट सरकवलं.

तेव्हापासून दर रविवारी असंच चाललं आहे. तो विसरत नाही, एकदाही नाही. पाहुणे असोत, गडी असोत, दारात कोणीही उभं असो, मी अंगणात थांबतो, म्हणतो, आणि मगच दुर्बीण मिळते. मावशी आता काठी घेऊन चुलीपर्यंत जाते, देवळापर्यंत नाही. तिचे गुडघे पाहिले की मला वाटतं त्यानं मला फार स्वस्तात सोडलं, आणि अंगणात उभं राहिलो की वाटतं, नाही, स्वस्तात नाही.

परवाच्या रविवारी आडोशात बसलो होतो. उथळ पाण्यात शेकाट्या होता. प्रल्हादनं तो दुर्बिणीत धरून दिला, माझ्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि दर वेळेसारखं विचारलं, पाय कसे हायेत? मी उजवा डोळा लावला. डाग होता, पण विरळ, आणि त्याच्या आतून दोन गुलाबी काड्या गेल्या होत्या. जवळजवळ सरळ. मला ओरडावंसं वाटलं. सुनंदाला फोन करावासा वाटला. मी तोंड उघडलं.

"थांब," तो म्हणाला. तळवा तसाच डोळ्यावर. "पहिले ते म्हण."

सकाळी अंगणात म्हणून झालं होतं. पाण्यावर आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"दुर्बीण चांगली आहे," मी म्हटलं.